ओळखीचं कोणी भेटलं तर?

पत्राचा गोषवारा: पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. राहायला कोथरूडला. सुरुवात मित्रांबरोबर शनिवारी ‘बसण्या’पासून झाली. मग रोज रात्री एकट्याने क्वार्टर, आणि गेल्या वर्षी तर सकाळी शाळेला निघण्याआधीही घोटभर लागायला लागली. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून बाटली घ्यायला ते वारज्याला जायचे. दीड महिन्यापूर्वी दवाखान्यात राहून, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांनी दारू सोडली. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या, म्हणजे एएच्या मिटिंगला जा, असा डॉक्टरांचा आणि पत्नीचा आग्रह आहे. ते एकदा गेलेही. दारातून आत पाहिलं, तर एका माजी विद्यार्थ्याचे वडील खुर्च्या मांडत होते. ते तसेच मागे फिरले, तासभर डेक्कनला भटकले आणि घरी जाऊन ‘मिटिंग चांगली झाली’ म्हणाले. ते लिहितात: “मी त्या लोकांइतका वाया गेलेलो नाही. कधी रस्त्यात पडलो नाही, घरात हात उगारला नाही, शाळा बुडवली नाही. देवाधर्मावर माझा विश्वास नाही. निर्धार पक्का असेल तर घरी राहून जमणार नाही का? आणि मुलगी नववीत आहे, तिला काय सांगायचं?”

ते गृहस्थ खुर्च्या मांडत होते, असं तुम्ही लिहिलं आहे. मी त्या वाक्यापाशीच थांबले. मिटिंगला नव्याने आलेला माणूस सहसा खुर्च्या मांडत नाही. तो दाराजवळची जागा बघून बसतो. खुर्च्या मांडणारा, चहाचं बघणारा माणूस बहुधा बरेच दिवस येणारा, समूहाची कामं अंगावर घेतलेला सभासद असतो. म्हणजे तुम्ही ज्या मुलाच्या वह्या तपासल्या, त्याच्याही घरात कधीकाळी हेच चाललं असणार, आणि त्या घरातल्या माणसाने त्यातून वाट काढली आहे. तुम्हाला वाटलं, आपण सापडलो. पण तुमची अवस्था फारसं न सांगता समजेल असा, तुमच्या परिचयातला कदाचित एकमेव माणूस त्या वेळी तुमच्यासमोर होता.

तो बाहेर बोलेल का? मिटिंगमध्ये कोण आलं, कोण काय म्हणालं हे बाहेर न्यायचं नाही, हा एएचा पहिल्यापासूनचा दंडक आहे. आडनाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत, हजेरीपट नसतो. हा कायदा नाही, परंपरा आहे, आणि जगातल्या कुठल्याही समूहात शंभर टक्के हमी देता येत नाही, हेही मी तुम्हाला सांगायला हवं. पण ‘सर तिथे दिसले’ असं सांगणाऱ्याला, ‘तुम्ही तिथे काय करत होता?’ या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागेल. तिथल्या प्रत्येकाचं गुपित इतरांच्या हातात असतं, म्हणून ते जपलं जातं.

तरीही भीती जात नसेल, तर तिच्याशी भांडत बसू नका. पहिल्या काही मिटिंगा घरापासून लांब करा. बाटलीसाठी वारज्याला जायची पायपीट तुम्ही केलीत, तर यासाठी वनाजहून मेट्रोत बसून कॅम्पात किंवा पिंपरीला जाणं तुम्हाला जड नाही. पुणे मोठं आहे, मिटिंगा वेगवेगळ्या भागांत आणि वेगवेगळ्या वारी होतात. पुढे मात्र घराजवळचा एखादा समूह धराच. रात्री आठ वाजता जीव कासावीस झाला, तर शहराच्या दुसऱ्या टोकाची मिटिंग कामाला येत नाही.

आता “त्या लोकांइतका वाया गेलेलो नाही” याबद्दल. तुम्ही न घडलेल्या तीन गोष्टी मोजून दाखवल्या आहेत, आणि त्या खऱ्या असतील. पण दारूचं अवलंबित्व या गोष्टींवरून ठरत नाही. सकाळी पहिल्या तासाआधी घोट लागणं, हात थरथरू नयेत म्हणून पिणं, लपवण्यासाठी वेळापत्रक आखणं, यावरून डॉक्टर ते ओळखतात. रस्त्यात पडलेला माणूस दिसतो म्हणून आपण त्यालाच दारुडा म्हणतो. कामावर वेळेवर जाणारे, पोरांच्या फिया भरणारे, ‘आज जरा डोकं दुखतंय’ म्हणून दार लावून घेणारे दिसत नाहीत. मिटिंगमध्ये ते दिसतात. तिथे बँकेतले अधिकारी असतात, रिक्षाचालक असतात, भोसरीच्या कारखान्यातले कामगार असतात, डॉक्टरसुद्धा असतात.

डॉक्टरांवरून आठवलं. एएची सुरुवातच एका डॉक्टरपाशी झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम फिसकटलं, खिशात जेमतेम पैसे होते, हॉटेलातला बार समोर होता. आपण आता पिणार, हे त्याला कळलं. त्याने चर्चच्या यादीतले फोन लावायला सुरुवात केली आणि एकच मागणं मागितलं: या गावातला दुसरा कोणी पिणारा माणूस मला भेटवा. त्यातून तो बॉब नावाच्या शल्यविशारदाकडे पोहोचला. डॉ. बॉब बायकोच्या आग्रहामुळे तयार झाले, तेही पंधरा मिनिटांच्या बोलीवर. दोघं सहा तासांहून जास्त बोलत बसले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिवस मानला जातो. १९५० साली वारले तोपर्यंत ते पुन्हा प्यायले नाहीत. प्रतिष्ठित पेशा, लपवाछपवी, बायकोच्या शब्दाखातर नाइलाजाने जाणं: तुमच्या पत्रातलं बरंच काही तिथे आहे. आणि बिल त्या संध्याकाळी दुसऱ्याला सुधारायला निघाला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं. मिटिंगमध्ये आजही तेच चालतं.

म्हणून निर्धाराबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. निर्धार तुमच्यात भरपूर आहे. थरथरत्या हातांनी फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढणं, वर्षानुवर्षं एकही दिवस न बुडवता शाळेत उभं राहणं याला कमी ताकद लागत नाही. पण ती सगळी ताकद लपवण्यात खर्च झाली. घरी राहून, कोणाला न सांगता, मनावर ताबा ठेवून सोडायची, या योजनेतही लपवणं तसंच राहतं, फक्त बाटली नसते. आणि मग एखाद्या शुक्रवारी वरिष्ठ सगळ्यांसमोर बोलले, किंवा निकालाच्या दिवशी सगळे पानशेतला निघाले, की त्या लपवाछपवीत बाटलीला जागा तयारच असते. गणिताच्या शिक्षकाला पुरावा हवा असेल म्हणून सांगते. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एएच्या पद्धतीशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस ठरले. एए सगळ्यांनाच लागू पडतं असा याचा अर्थ नाही. पण ‘तिथे नुसत्या गप्पा मारतात’ हा समज मात्र टिकत नाही.

देवाचा प्रश्न तुमच्यासारखे बरेच जण विचारतात. एएच्या दारूमुक्तीच्या वाटेवरच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, आणि मिटिंगमध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात. हे तुमच्यापासून लपवून तुम्हाला तिथे पाठवणं बरोबर नाही. पण त्या पायऱ्यांमध्येच ‘आम्हाला उमगला तसा ईश्वर’ अशी मोकळीक आहे, आणि सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. देव न मानणारे अनेक जण समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती समजतात आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहतात. कोणी हरकत घेत नाही. एवढं करूनही मन रमलं नाही, तर दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी नावाची संघटना देवाचा संदर्भ न आणता, विचार आणि सवयी तपासण्याच्या पद्धतीने ऑनलाइन मिटिंगा घेते, त्या बहुतेक इंग्रजीत असतात. आणि आपल्या पुण्यातलं मुक्तांगण आहेच. येरवड्याचं हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. त्याच्या उभारणीला पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक बळ दिलं. उपचार संपल्यावर माणसाला सोडून द्यायचं नाही, नियमित भेटत राहायचं, ही त्यांची रीत आहे. तुमचे उपचार दुसरीकडे झाले असले तरी फोन करून विचारा. कुठल्या गटाला बसता येईल, निदान तुमच्या भागात कोणती मिटिंग चालते, हे ते सांगू शकतील.

मिटिंग शोधायची कशी, हे बाकीच्या वाचकांसाठीही थोडं खुलासेवार सांगते. पहिला माणूस म्हणजे तुमचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्याकडे येणारे जुने रुग्ण बहुधा कुठल्या ना कुठल्या समूहात असतात, आणि एखाद्याशी फोनवर ओळख करून द्या म्हटलं तर ते नाही म्हणत नाहीत. एएची भारतातली वेबसाइट आणि हेल्पलाइन आहे. तिथे शहर आणि भाषा सांगून विचारायचं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठीची. दोन्हींना पैसे पडत नाहीत. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जागेचा पत्ता मिळाला की निघण्याआधी फोन करून वार-वेळ पक्की करा. शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, कोणाच्या तरी कृपेने मिळालेल्या खोलीत मिटिंगा चालतात, आणि जागा बदलते. बंद दारासमोर उभं राहून परत येणारा नवा माणूस पुन्हा जात नाही, म्हणून हे इतकं आवर्जून सांगते. फोनवर तीन गोष्टी विचारा. मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत? मिटिंग खुली आहे की बंद? (खुल्या मिटिंगला घरचे, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतं. बंद मिटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. तुमच्यासाठी सध्या बंद बरी.) आणि मला दारात कोणी भेटेल का? हा तिसरा प्रश्न जरूर विचारा. माणूस बाहेर येऊन उभा राहतो. मग मागे फिरणं अवघड होतं.

दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या माना वळतात, आणि तुम्हाला नेमकं तेच नको आहे. आत गेल्यावर साधारण तासभर, कधी थोडं जास्त, एकेक जण आपलं सांगतो: कसं होतं, काय झालं, आता कसं आहे. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, चूक काढत नाही. तुमच्याकडे पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. तेवढं पुरतं. फी नसते. शेवटी एक पिशवी फिरते, ऐपतीप्रमाणे सभासद दहा-वीस रुपये टाकतात. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं, कारण एए बाहेरून देणग्या घेत नाही आणि सभासदांच्या पैशावर चालतं. कोणाचा तरी दारू सोडल्याचा ‘वाढदिवस’ असेल तर टाळ्या, मिठाई होते. पहिल्या वेळी हे सगळं अवघडल्यासारखं वाटेल. एकाच मिटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो, एखाद्या ठिकाणी दोन-तीन जणच सारखे बोलतात, एखाद्या ठिकाणी तुमच्या वयाचं कोणी नसतं. वेगवेगळ्या वारच्या पाच-सहा मिटिंगा करून मग ठरवा. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा करा असं जुने सभासद सांगतात. शाळा, शिकवण्या सांभाळून रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोन-तीन धरा, मधल्या दिवशी ऑनलाइन. आणि निघताना एकाचा तरी फोन नंबर घ्या. महिन्याभराने मिटिंगपेक्षाही तो नंबर जास्त कामाला आलेला असेल.

काही गोष्टींची सावधगिरी हवी. समूहातले लोक अनुभवी असतात, डॉक्टर नसतात. ‘गोळ्या बंद कर, मिटिंग पुरे’ असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. औषधांचा निर्णय तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा. पैशांचे व्यवहार तिथे करू नका, उसने घेऊ-देऊ नका. मार्गदर्शक सभासद, ज्याला ते स्पॉन्सर म्हणतात, तो निवडायची घाई नको. बायकांना तर मी म्हणेन, बाईच स्पॉन्सर घ्या, आणि शक्य असेल तर बायकांच्या मिटिंगपासून सुरुवात करा. अशी मिटिंग जवळ नसेल तर ऑनलाइन शोधा. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे.

हे वाचणाऱ्या आणि अजून रोज पिणाऱ्या वाचकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ‘उद्यापासून बंद’ असं ठरवून घरी एकदम सोडू नका. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन, भास होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मिटिंग. आणि घरच्यांनो, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून जेवणात गोळ्या कालवू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. ते औषध माणसाच्या पूर्ण माहितीनेच द्यायचं असतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. तुम्ही घरी खोटं बोललात. सध्या मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते, न झालेल्या मिटिंगची नाही. दारूच्या काळात तुमच्या पत्नीने इतक्यांदा ‘नाही घेतली’ ऐकलं असेल की शब्दावरचा त्यांचा विश्वास आधीच पातळ झाला आहे. ‘मिटिंग चांगली झाली’ हे वाक्य दारूविना बोललेलं असलं तरी त्याच जातीचं आहे. आज रात्री सांगून टाका: मी दारापर्यंत गेलो, घाबरलो, परत आलो. त्या चिडतील, कदाचित रडतील. पण पुढच्या वेळी ‘गेलो होतो’ म्हणाल तेव्हा तो शब्द खरा मानला जाईल, यासाठी हा एक वाईट तास सोसायला हवा. त्यांना सोडायला आणि न्यायला बोलावू मात्र नका. त्या पहारेकरी झाल्या की दोघांचाही जीव गुदमरतो. त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचे अल-अनॉनचे समूह १९५१ पासून जगभर चालतात, आणि मुक्तांगणचा ‘सहचरी’ हा पत्नींचा गट आहे. इतकी वर्षं त्यांनी शेजाऱ्यांपासून, माहेरच्यांपासून काय काय झाकलं, हे बोलायला त्यांनाही माणसं हवी आहेत. तुमच्यात सुधारणा झाली की त्या आपोआप बऱ्या होतील, असं धरून चालू नका.

येते काही महिने तारखांवर लक्ष ठेवा. गटारी, गणपतीच्या मिरवणुकीची रात्र, थर्टी फर्स्ट, शाळेची सहल, जुन्या वर्गमित्रांचं स्नेहसंमेलन. त्या दिवसांसाठी कार्यक्रम आधीच ठरवा, आणि शक्यतो त्याच संध्याकाळची मिटिंग शोधा. ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढं वाक्य बहुतेकांना पुरतं. ज्याला पुरत नाही, त्याच्याबरोबर सध्या बसू नका. आणि समजा घसरलात, तर तो दिवस मिटिंग टाळायचा नाही, उलट नक्की जायचा. प्यायलेल्या अवस्थेत आलेल्या माणसालाही बहुतेक समूह हाकलत नाहीत, फक्त ‘आज बोलू नकोस, बस’ म्हणतात. सकाळी डॉक्टरांना फोन करा. पुन्हा रोज सुरू झाली असेल तर घरच्या घरी थांबवू नका.

राहता राहिली मुलगी. नववीतल्या मुलीला माहीत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. वास, बंद दार, आईचा चढलेला आवाज, दीड महिन्यापूर्वीचा दवाखाना: हे सगळं तिने पाहिलं आहे, फक्त कोणी तिच्याशी बोललेलं नाही. तिला कबुलीजबाब नको, साधी माहिती हवी. ‘मला दारूचा आजार झाला होता. औषध चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अशाच लोकांच्या मिटिंगला जाणार आहे. यात तुझी काही चूक नव्हती. तुला काही विचारायचं असेल तर विचार, आणि मला सांगायचं नसेल तर आईला किंवा आत्याला सांगितलंस तरी चालेल.’ एवढं पुरे. ‘आता कधीच पिणार नाही’ असं वचन देऊ नका. कोणत्या दिवशी, किती वाजता घराबाहेर पडणार, ते सांगा आणि त्या वेळेला निघा.